सेफॅलोस्पोरिनची रचना कशी वाचावी : केंद्रकापासून औषधापर्यंत

सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविकांच्या गटाचा अभ्यास बहुधा ‘पिढ्यां’च्या तक्त्यापासून सुरू होतो आणि तिथेच अडकतो. पहिल्या पिढीत कोणती औषधे, तिसरीत कोणती, हे पाठ करताना विद्यार्थ्याच्या एक गोष्ट लक्षात येत नाही: पिढी ही वर्गवारी औषध कोणत्या जिवाणूंवर चालते यावरून केलेली आहे, रेणूत नेमके काय बदलले ते ती सांगत नाही. सेफॉक्सिटिनचेच पाहा. हे औषध दुसऱ्या पिढीत गणले जाते. पण त्याच्या डाव्या बाजूची साखळी पहिल्या पिढीतल्या सेफॅलोथिनची आहे, उजव्या बाजूचा गट दुसऱ्या पिढीतल्या सेफ्युरॉक्झिमसारखा आहे आणि या दोहोंतही नसलेला एक मेथॉक्सी गट त्याच्या केंद्रकावर, म्हणजे मधल्या समान सांगाड्यावर, बसलेला आहे. म्हणून या लेखात पिढ्या बाजूला ठेवून कागद-पेन्सिल घेऊन रेणू काढायचा आणि एकेका जागेवर बोट ठेवून ‘इथे हा गट कशासाठी?’ असे विचारायचे, ही रीत मांडली आहे. बीटा-लॅक्टॅम म्हणजे काय आणि पेनिसिलिनची रचना साधारण कशी असते, एवढे वाचकाला माहीत आहे असे मी गृहीत धरतो.

पायरी १ : केंद्रक काढा आणि क्रमांक द्या

प्रथम एक चौकोन काढा. त्याच्या उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात नायट्रोजन आणि डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात कार्बोनिल असलेला कार्बन ठेवा. हे बीटा-लॅक्टॅम वलय झाले. आता चौकोनाची उजवी बाजू सामाईक धरून सहा अणूंचे दुसरे वलय जोडा. वरच्या कोपऱ्यातील कार्बनला गंधक, त्यापुढे तीन कार्बन आणि शेवटच्या कार्बनपासून पुन्हा नायट्रोजन असा त्याचा क्रम आहे. क्रमांक गंधकापासून सुरू होतात: गंधक १, पुढचे कार्बन २, ३ आणि ४, नायट्रोजन ५, सामाईक कार्बन ६, त्याच्या डावीकडचा कार्बन ७ आणि कार्बोनिलचा कार्बन ८. दुहेरी बंध ३ आणि ४ यांच्यामध्ये असतो, ४ वर कार्बोक्झिलिक आम्लाचा गट असतो आणि ७ वर अमाइड बंधाने जोडलेली साखळी असते. या सांगाड्याला सेफेम म्हणतात.

पेनिसिलिनमध्ये दुसरे वलय पाच अणूंचे असते, त्यामुळे तिथे चौकोनावरचा ताण अधिक असतो. सेफेममध्ये हा ताण कमी झालेला असतो. बीटा-लॅक्टॅमचा नायट्रोजन आपल्या तीन शेजाऱ्यांच्या प्रतलापासून किती वर उचलला गेला आहे हे मोजले, तर पेनिसिलिनमध्ये ते अंतर सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम आणि सेफॅलोस्पोरिनमध्ये ०.२ ते ०.२५ अँगस्ट्रॉम भरते. केवळ यावरून पाहिले तर सेफॅलोस्पोरिन बरेच मंद असायला हवे होते. तसे होत नाही, कारण ताणाची उणीव दुहेरी बंध भरून काढतो. नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनांची जोडी कार्बोनिलकडे न जाता ३-४ दुहेरी बंधाकडे ओढली जाते, त्यामुळे अमाइडला मिळणारे स्थैर्य घटते आणि कार्बोनिल हल्ल्यासाठी उघडा राहतो.

पायरी २ : ज्यांना हात लावायचा नाही त्या जागा खुणावून घ्या

लाल पेन्सिलीने चार गोष्टींवर खूण करा: अखंड बीटा-लॅक्टॅम, ३-४ वरचा दुहेरी बंध, ४ वरचा मुक्त आम्ल गट, आणि ६ व ७ या कार्बनांची त्रिमितीय मांडणी. यांपैकी एक जरी बिघडले तरी औषध हातचे जाते.

कारण क्रियेच्या पद्धतीत आहे. जिवाणूची पेशीभित्तिका विणताना पेप्टाइड साखळ्यांच्या टोकाची डी-ॲलानिन-डी-ॲलानिन ही जोडी ओळखून एन्झाइम त्यांचे आडवे बंध जोडतात. पेनिसिलिन-बंधक प्रथिने ती हीच. टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की बीटा-लॅक्टॅमचा आकार या जोडीशी जुळतो. एन्झाइम फसते, त्याच्यातील सेरीन बीटा-लॅक्टॅमच्या कार्बोनिलवर हल्ला करते, चौकोन उघडतो आणि एन्झाइम त्या अवस्थेत अडकून पडते. ४ वरच्या आम्लाचा ऋणभार या बनावट जोडीला योग्य जागी धरून ठेवतो. ६ आणि ७ वरचे दोन्ही हायड्रोजन वलयाच्या एकाच अंगाला असावे लागतात, नाहीतर आकार जुळत नाही.

दुहेरी बंधाविषयी प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनी विशेष सावध असावे. ४ वरच्या आम्लाचे एस्टर करताना अल्क जास्त झाले की दुहेरी बंध ३-४ वरून २-३ वर सरकतो आणि तयार होणारा समघटक जिवाणूंवर निष्क्रिय असतो. रेणुभार तोच राहिल्यामुळे निव्वळ वस्तुमान पाहून हा घोळ कळत नाही. प्रोटॉन एनएमआर पाहिल्यास ४ वर एक नवा हायड्रोजन आणि २ वर दुहेरी बंधावरचा हायड्रोजन दिसतो, तेव्हा तो पकडता येतो.

त्याच आलेखात त्रिमितीय मांडणीही तपासून घ्यावी. ६ आणि ७ वरच्या हायड्रोजनांमधला जोड (कपलिंग) साधारण ४.५ ते ५ हर्ट्झ असेल तर ते एकाच अंगाला आहेत. तो २ हर्ट्झच्या आसपास आला तर मांडणी उलटलेली आहे. अवरक्त वर्णपटात बीटा-लॅक्टॅमचा कार्बोनिल सुमारे १७६० ते १७९० प्रति सेंटीमीटर इथे दिसला पाहिजे. ही रेघ नाहीशी झाली असेल तर वलय उघडलेले आहे आणि पुढचे काम करण्यात अर्थ नाही.

पायरी ३ : केंद्रक आले कुठून, ते पाहा

इतिहास थोडक्यातच सांगतो, पण तो वगळता येत नाही, कारण कोणत्या औषधाच्या ३ वर साधा मेथिल का आहे याचे उत्तर त्यात आहे. सार्डिनियातील काल्यारी येथे जुझेप्पे ब्रोत्सू यांनी १९४५ मध्ये सांडपाणी समुद्राला मिळते त्या जागेच्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. तिचा नमुना ऑक्सफर्डला पोचल्यावर अब्राहम आणि न्यूटन यांनी तिच्यातून सेफॅलोस्पोरिन-सी मिळवले. १९६१ मध्ये त्याची रचना निश्चित झाली आणि डोरोथी हॉजकिन यांच्या क्ष-किरण अभ्यासाने तिला पुष्टी मिळाली. या पदार्थाची जिवाणूनाशक ताकद क्षीण होती. पण पेनिसिलिनचा नाश करणाऱ्या एन्झाइमपुढे तो टिकत होता. त्यामुळे रसायनशास्त्रज्ञांनी त्याची साखळी काढून दुसऱ्या बसवण्याचा ध्यास घेतला.

सेफॅलोस्पोरिन-सीच्या ७ वर अमिनोॲडिपिक आम्लाची साखळी असते. ती काढली की ७-अमिनोसेफॅलोस्पोरॅनिक आम्ल उरते. त्याच्या ७ वर मुक्त अमिनो गट आणि ३ वर ॲसिटॉक्सीमेथिल गट असतो, आणि इंजेक्शनवाटे दिली जाणारी बरीच औषधे त्यापासून निघतात. दुसरी वाट पेनिसिलिनमधून जाते. पेनिसिलिनच्या सल्फॉक्साइडचे पाच अणूंचे वलय फुगवून सहा अणूंचे करता येते, हे १९६३ मध्ये दाखवले गेले. या वाटेने ७-अमिनोडेसॲसिटॉक्सीसेफॅलोस्पोरॅनिक आम्ल मिळते, ज्याच्या ३ वर फक्त मेथिल असतो. सेफालेक्सिन, सेफाड्रॉक्सिल आणि सेफ्राडिन या तोंडाने घ्यायच्या औषधांचा पाया हा दुसरा पदार्थ आहे.

पायरी ४ : ७ वरची साखळी वाचा

जिवाणूंवरचा परिणाम आणि बीटा-लॅक्टमेजपुढचा, म्हणजे बीटा-लॅक्टॅम वलय तोडणाऱ्या जिवाणूंच्या एन्झाइमांपुढचा, टिकाव या दोन गोष्टी मुख्यतः इथे ठरतात, म्हणून या पायरीला घाई करू नये. अमाइडच्या कार्बोनिलपासून डावीकडे चालत जा आणि शेजारच्याच कार्बनवर काय आहे ते पाहा.

तिथे साधा मेथिलीन असेल आणि त्याला एखादे वलय जोडलेले असेल, तर औषध जुन्या घडणीचे आहे. सेफॅलोथिनमध्ये थायोफिन आणि सेफाझोलिनमध्ये टेट्राझोल वलय असते. अशी औषधे ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर जोमदार असतात, पण ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बीटा-लॅक्टमेजपुढे फार वेळ टिकत नाहीत.

तिथे अमिनो गट आणि बेंझीन वलय असेल, म्हणजे फेनिलग्लायसीन असेल, तर औषध तोंडाने घ्यायचे असण्याची शक्यता फार मोठी. सेफालेक्सिन आणि सेफॅक्लोर ही त्याची उदाहरणे आहेत. वलयावर हायड्रॉक्सी गट असेल तर सेफाड्रॉक्सिल किंवा सेफप्रोझिल. ही साखळी छोट्या पेप्टाइडसारखी दिसते, त्यामुळे आतड्यातील पेप्टाइड-वाहक तिला उचलून आत नेतो. हा कार्बन डी मांडणीचाच असावा लागतो. हाच अमिनो गट द्रावणात मात्र घात करतो. तो आपल्याच रेणूतील बीटा-लॅक्टॅमवर हल्ला करतो आणि सहा अणूंचे डायकीटोपिपराझिन वलय तयार होते. सस्पेन्शन तयार केल्यावर ठराविक दिवसांत संपवण्याची सूचना असते, तिच्यामागे असे अपघटन असते.

तिथे नायट्रोजनशी दुहेरी बंध असलेला ऑक्झिम गट दिसला तर थांबा, कारण सेफॅलोस्पोरिनच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण इथे आहे. सेफ्युरॉक्झिममध्ये फ्युरान वलय आणि मेथॉक्सी-ऑक्झिम आहे. पुढे फ्युरानच्या जागी अमिनोथायाझोल आला आणि सेफोटॅक्झिम तयार झाले. ऑक्झिमवरचा मेथॉक्सी गट बीटा-लॅक्टॅमजवळ आडवा येतो आणि बीटा-लॅक्टमेजला कार्बोनिलपर्यंत पोचणे जड जाते. अमिनोथायाझोलमुळे ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंच्या पेनिसिलिन-बंधक प्रथिनांशी पकड घट्ट होते. मात्र हा मेथॉक्सी अमाइडच्या बाजूला वळलेला, म्हणजे सिन मांडणीचा असला पाहिजे. ॲन्टी मांडणीचा समघटक बराच कमी परिणामकारक असतो, आणि प्रकाशात सिनचा काही भाग ॲन्टीमध्ये बदलू शकत असल्यामुळे ही औषधे उजेडापासून जपावी लागतात.

जिवाणूंनी या कुंपणालाही वाट शोधली. सीटीएक्स-एम नावाच्या एन्झाइम-कुळाच्या नावातली पहिली तीन अक्षरे सेफोटॅक्झिमचीच आहेत, कारण ते औषध तोडण्यात ती तरबेज आहेत. ऑक्झिम असला म्हणजे बीटा-लॅक्टमेजची चिंता मिटली असे म्हणणारी वाक्ये जुन्या टिपणांत सापडतात. ती आज तशीच्या तशी वापरू नयेत.

ऑक्झिमच्या ऑक्सिजनला मेथिलऐवजी दोन मेथिल आणि एक आम्ल गट धारण करणारा कार्बन जोडला की सेफ्टाझिडिमची साखळी मिळते. या बदलाने स्युडोमोनासवर ताकद वाढते आणि स्टॅफिलोकॉकसवर कमी होते. ही देवघेव लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण या रसायनशास्त्रात फुकट काही मिळत नाही.

या पायरीचा एक उपयोग प्रयोगशाळेबाहेरही आहे. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन यांच्यातली परस्पर ॲलर्जी बरीचशी ७ वरच्या साखळीच्या सारखेपणावर अवलंबून असते. ॲम्पिसिलिन आणि सेफालेक्सिन यांची साखळी एकच आहे, अमॉक्सिसिलिन आणि सेफाड्रॉक्सिल यांचीही एकच आहे, तसेच सेफ्टाझिडिम आणि ॲझ्ट्रिओनाम यांची. सेफाझोलिनची साखळी मात्र दुसऱ्या कोणत्याही प्रचलित बीटा-लॅक्टॅमशी जुळत नाही. रुग्णाबाबतचा निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. पण संशय कुठे घ्यावा हे रचना सांगते.

पायरी ५ : ७ वर हायड्रोजन आहे की मेथॉक्सी?

साखळी पाहून झाल्यावर त्याच कार्बनवरच्या हायड्रोजनकडे बघायला विसरू नका. त्याच्या जागी मेथॉक्सी असेल तर ते सेफॅमायसिन: सेफॉक्सिटिन, सेफोटेटान, सेफमेटाझोल. हा गट बीटा-लॅक्टॅमच्या दुसऱ्या अंगाला उभा राहतो आणि सीटीएक्स-एमसारख्या एन्झाइमांनाही रोखतो. एम्प-सी या बीटा-लॅक्टमेजच्या दुसऱ्या कुळापुढे मात्र तो निष्प्रभ ठरतो, उलट सेफॉक्सिटिन त्या एन्झाइमचे उत्पादन वाढवते. इथे एक गंमत आहे. मेथॉक्सी आल्यावर ७ व्या कार्बनच्या त्रिमितीय मांडणीचे नाव आर बदलून एस होते, आणि मांडणी उलटली असा गैरसमज होतो. प्रत्यक्षात साखळी होती त्याच अंगाला असते, फक्त नाव देण्याच्या नियमातला अग्रक्रम बदललेला असतो.

पायरी ६ : ३ वरचा गट वाचा

७ वरची साखळी सारखी ठेवून फक्त ३ बदलला तर काय होते, हे पाहण्यासाठी सेफोटॅक्झिम, सेफ्टिझॉक्झिम, सेफ्ट्रायाक्झोन, सेफेपिम आणि सेफपोडॉक्झिम हे पाच रेणू एकाखाली एक काढा. पाचांच्या डाव्या बाजू तंतोतंत सारख्या आहेत: अमिनोथायाझोल आणि मेथॉक्सी-ऑक्झिम. माझ्या मते या विषयात यापेक्षा चांगला धडा नाही.

सेफोटॅक्झिममध्ये ३ वर ॲसिटॉक्सीमेथिल आहे. शरीरातील एस्टरेज एन्झाइम ॲसिटिल तोडतात आणि हायड्रॉक्सीमेथिल उरतो. तो शेजारच्या ४ वरच्या आम्लाशी जुळून लॅक्टोन बनवू शकतो, आणि तसे झाले की पायरी २ मध्ये खुणावलेला मुक्त आम्ल गट गमावला जातो. सेफोटॅक्झिमचा अर्धायुकाल सुमारे एक तास असतो. सेफ्टिझॉक्झिममध्ये ३ वर नुसता हायड्रोजन आहे, म्हणून एस्टरेजला तोडायला काही नाही.

सेफ्ट्रायाक्झोनमध्ये गंधकामार्फत जोडलेले ट्रायाझिनडायोन वलय आहे. या वलयावर आम्लधर्मी हायड्रोजन असल्यामुळे रेणूवर दोन ऋणभार येतात. तो रक्तातील प्रथिनांना मोठ्या प्रमाणात चिकटून राहतो, त्याचा लक्षणीय भाग पित्तावाटे बाहेर पडतो आणि अर्धायुकाल सुमारे आठ तासांवर जातो. बहुधा दिवसातून एकदाच द्यावे लागते ते यामुळे. हेच दोन ऋणभार कॅल्शियमशी न विरघळणारा साका तयार करतात, आणि म्हणून नवजात बालकांना कॅल्शियमयुक्त द्रावणांसोबत हे औषध देऊ नये अशी सक्त सूचना असते. गुण आणि धोका एकाच वलयातून आलेले आहेत.

सेफेपिममध्ये मेथिलपायरोलिडिनियम, म्हणजे कायमचा धनभार असलेला नायट्रोजन आहे. ४ वरचा ऋणभार आणि हा धनभार मिळून रेणू उभयभारी होतो, ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाह्य आवरणातील पोरिन छिद्रांतून चपळाईने आत शिरतो आणि एम्प-सी एन्झाइमशी त्याची जवळीकही कमी असते. सेफपोडॉक्झिमचा मेथॉक्सीमेथिल गट त्या मानाने साधा आहे; त्याची गोष्ट पुढच्या पायरीत येते.

३ वरच्या गटाचे आणखी एक काम असते. बीटा-लॅक्टॅम उघडल्यावर इलेक्ट्रॉनांचा ओघ नायट्रोजनमार्गे दुहेरी बंधात आणि तिथून ३ वरच्या मेथिलीनकडे जातो. त्याला जोडलेला गट सुटण्याजोगा असेल तर तो बाहेर पडतो. ॲसिटेट, पिरिडीन आणि थायोल-वलये असे सुटू शकतात. सेफालेक्सिनचा मेथिल सुटत नाही, म्हणून ते औषध मंद पण आम्लात टिकाऊ असते.

सुटलेला गट निरुपद्रवी असेलच असे नाही. सेफोपेराझोन, सेफामँडोल, सेफोटेटान आणि लॅटामॉक्सेफ यांच्या ३ वर मेथिलथायोटेट्राझोल आहे. तो रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या व्हिटॅमिन-के चक्रात अडथळा आणतो, आणि अल्कोहोल घेतल्यास ॲसिटाल्डिहाइड साचून चेहरा लाल होणे, उलट्या होणे असे त्रास होतात. नवीन रेणू वाचताना चार नायट्रोजनांचे हे वलय गंधकाने ३ ला जोडलेले दिसले, तर समासात लगेच टीप करावी.

पायरी ७ : ४ वरचे आम्ल कोणत्या रूपात आहे?

आम्ल मुक्त असावे हे पायरी २ मध्ये ठरले. पण मुक्त आम्ल आतड्यातून नीट शोषले जात नाही, म्हणून ते एस्टर करून झाकतात आणि आतड्याच्या भिंतीतील एस्टरेजकडून उघडवून घेतात. नावाच्या शेवटी ॲक्झेटिल, प्रोक्झेटिल किंवा पिव्होक्झिल दिसले की हे ओळखावे: सेफ्युरॉक्झिम ॲक्झेटिल, सेफपोडॉक्झिम प्रोक्झेटिल, सेफडिटोरेन पिव्होक्झिल. पहिल्या दोहोंत एस्टरच्या भागात एक नवा असममित कार्बन येतो, त्यामुळे औषध दोन समघटकांचे मिश्रण असते. पिव्होक्झिलमधून सुटणारे पिव्हॅलिक आम्ल शरीरातील कार्निटीन घेऊन बाहेर पडते, ही बाब दीर्घकाळच्या वापरात महत्त्वाची ठरते.

इंजेक्शनच्या औषधांत आम्लाचे बहुधा सोडियम क्षार करतात. सेफ्टाझिडिमच्या कुपीत सोडियम कार्बोनेट मिसळलेले असते, म्हणून पाणी घातल्यावर वायू सुटून दाब वाढतो. सेफेपिमसोबत आम्लता सावरण्यासाठी आर्जिनीन असते.

पायरी ८ : गंधकाच्या जागेकडे एक नजर

इथे बदल क्वचितच दिसतो. गंधकाऐवजी ऑक्सिजन असेल तर ऑक्सासेफेम, जसे लॅटामॉक्सेफ आणि फ्लोमॉक्सेफ. मेथिलीन असेल तर कार्बासेफेम, जसे लोराकार्बेफ.

पायरी ९ : अनोळखी रेणूवर हात चालवून पाहा

आता सेफिडेरोकोल काढा. अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध पहिल्या नजरेला अवाढव्य वाटते. क्रमाने चला. केंद्रक नेहमीचे सेफेम आहे आणि खुणावलेल्या चारही गोष्टी जागेवर आहेत. ७ वर अमिनोथायाझोल, ऑक्झिम आणि दोन मेथिलांसह आम्ल गट, म्हणजे हुबेहूब सेफ्टाझिडिमची साखळी. तेव्हा स्युडोमोनासवर परिणाम अपेक्षित आहे. ७ वर मेथॉक्सी नाही. ३ वर धनभारित पायरोलिडिनियम, म्हणजे सेफेपिमची आठवण. तेव्हा उभयभारी स्वरूप आणि पोरिनमधून प्रवेश. मुक्त आम्ल गट असल्यामुळे औषध शिरेवाटे द्यायचे. उरतो तो पायरोलिडिनियमच्या पुढे जोडलेला क्लोरोकॅटेकॉल, ज्याच्या वलयावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सी गट आहेत. असे दोन गट लोहाला घट्ट पकडतात. जिवाणू लोह मिळवण्यासाठी अशाच रचनेचे लोहवाहक पदार्थ बाहेर सोडतात आणि लोहासह ते परत आत ओढून घेतात. लोह पकडलेले सेफिडेरोकोल त्या वाहकांना आपलेच वाटते, आणि पोरिन बंद करून बसलेल्या जिवाणूतही ते आत ओढले जाते.

सरावासाठी पुढचा रेणू सेफ्टारोलिन घ्या. त्याच्या ऑक्झिमवर मेथिलऐवजी एथिल आहे, डावीकडच्या वलयात थायाझोलऐवजी थायाडायाझोल आहे आणि ३ वर गंधकामार्फत थायाझोल व त्याला धनभारित पिरिडिनियम जोडलेला आहे. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसच्या पेनिसिलिन-बंधक प्रथिन २-ए वर हे औषध चालते. वर सांगितलेल्या क्रमाने ७ आणि ३ वेगवेगळे वाचा आणि या तीन बदलांपैकी त्या प्रथिनाच्या बंद खाचेत शिरण्याचे काम कोणाकडे असावे, याचा अंदाज आधी कागदावर लिहा. पुस्तक नंतर उघडा.